ठाण्यातली मालवणी खानावळ, बांगडा थाळी

बाबा मालवणचे, आई नागपूरची आणि मी वाढलो ठाण्यात, त्यामुळे 'गाव कुठलं तुझं' विचारलं की मी आधी जरा थांबतोच. काल स्टेशनजवळच्या खानावळीत बांगड्याची थाळी घेतली, 280 रुपये. तिखल्यात (माशाच्या तिखट, दाट कालवणात) खरी तिरफळं, म्हणजे कोकणातलं ते मसाल्याचं फळ, होती, एक चुकून दाताखाली आलं आणि जीभ अशी झिणझिणली की डायरेक्ट आजीचं स्वयंपाकघर आठवलं, डोळ्यात पाणीच आलं. वडे गरम, टम्म फुगलेले. सोलकढी मात्र पातळ, नारळाचा रस वाढवा प्लीज. गल्ल्यावरच्या काकांनी 'खंयचो रे तू?' विचारलं आणि मी पहिल्यांदाच न अडखळता 'मालवणचो' म्हणालो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, मग माझी नागपुरी पाटोडी कोण खाणार? अगं तीही मीच! रविवारी जाणार असाल तर 12:30 च्या आत जा, बांगडा संपतो.