दिवा हातात, उजेड भलतीकडेच

लेकीने माझ्या पन्नाशीला 'पेंटिंग थीम' फोटोशूट, म्हणजे गाजलेल्या चित्रातल्या बाईसारखं नटून फोटो, भेट दिलं. पुण्यातला स्टुडिओ, नाव लिहीत नाही. 8,500 रुपयांत 3 तास, 2 साड्या, 20 एडिट केलेले फोटो.

स्टुडिओच्या नमुन्याच्या अल्बममध्ये रविवर्मांच्या नायिका ओळीने मांडलेल्या. छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी 2020 च्या कॅलेंडरसाठी अभिनेत्रींना घेऊन केलेले तसले फोटो पाहून मीही भाळले होतेच. पण त्याच ओळीत दिवा घेतलेली बाई! म्हटलं, "दादा, हे रविवर्मांचं नाही. आमच्या सावंतवाडीच्या चित्रकार सावळाराम हळदणकरांचं." त्यांनी मान डोलावली. अल्बममध्ये नाव अजून तेच आहे.

मी तेच चित्र निवडलं. म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात ते पाहिलंय. हळदणकरांनी लेकीलाच, गीताला, उभं करून ते जलरंगात काढलं. दिव्यावर धरलेल्या तळहातातून उजेड झिरपतो, बोटांच्या कडा लालसर होतात. बाकी सगळा अंधार.

स्टुडिओत साडी झकास नेसवली, अंबाडाही नेटका. नेसवणाऱ्या ताईंना पैकीच्या पैकी. पण दिव्यात बसवलेला बल्ब पिवळट आणि मरतुकडा, आणि समोर दाराएवढा सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडून मऊ उजेड टाकणारा मोठा लाइट! हातातला दिवा नुसता शोभेचा. मी तो सॉफ्टबॉक्स बंद करा म्हटलं, तर उत्तर आलं, "काकू, चेहरा काळा येईल." अहो, चेहरा दिव्यानेच उजळायचा आहे ना!

शेवटी त्यांच्या मदतनीस पोराने तळहातामागे छोटा, चांगला प्रखर एलईडी लपवला, मोठा लाइट बंद केला आणि शटर मंद केलं. मला श्वास रोखून उभं राहावं लागलं. चौथ्या फोटोत बोटं पेटल्यासारखी लाल दिसली. मी अक्षरशः ओरडले.

आठवड्याने फाइल आली, तर एडिटमध्ये बोटांचा लाल रंग 'डाग' समजून पुसलेला आणि माझ्या सुरकुत्याही गायब. मूळ फाइल मागितली, तर 1,500 रुपये जादा. दिले. तोच फोटो आता हॉलमध्ये लावलाय.

जाणार असाल तर चित्राचा मोठा प्रिंट सोबत न्या, उजेड कुठून येतो ते बोट ठेवून दाखवा, आणि मूळ फाइलचं आधीच ठरवा. साड्यांना 5 पैकी 5, लाइटला 2. त्या पोराला वेगळे 5.