ज्या दुकानाने आमची बंदूक आधी घेतलीच नाही

दुकानाचं नाव लिहीत नाही. शस्त्रांचं दुकान आहे, मालकांनीच "ताई, नाव नको" म्हटलं. जुन्या नाशकात, रविवार कारंज्यावरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे किंवा होती, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही निफाड तालुक्यातले. द्राक्षं आणि कांदा. माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि एक बारा बोअरची दुनळी बंदूक होती. १९९४ साली याच दुकानातून घेतलेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही सगळे लग्नाला गेलो असताना घर फुटलं. कपाटातले थोडे पैसे आणि बंदूक गेली. त्याच रात्री फिर्याद दिली. पुढे तपासात काही निघालं नाही आणि प्रकरण 'अ' समरीत गेलं, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. बंदूकच नाही म्हणून अण्णांनी २०२० नंतर परवान्याचं नूतनीकरणही केलं नाही.

यंदा मार्चअखेर उन्हाळ कांदा भरायच्या आधी जुनी कांदाचाळ दुरुस्तीला काढली. तळाच्या बांबूपट्ट्या उचलल्या तर खाली युरियाची गोणी, सुतळीने करकचून बांधलेली. गड्याने सुतळी कापली आणि तसाच दोन पावलं मागे सरकला. दस्ता बघून अण्णा एवढंच म्हणाले, "आपलीच आहे." दस्त्याच्या उजव्या अंगाला एक खाच आहे, ट्रॅक्टरच्या हुकाला लागून पडलेली. त्या एका खाचेवरून त्यांनी ओळखली.

पुढच्या अर्ध्या तासात जेवढी माणसं तेवढे सल्ले. भाऊजी म्हणाले, गप्प बसा, साफ करून परत कपाटात ठेवा, आपलीच वस्तू आहे. चुलत सासरे म्हणाले, विहिरीत टाका, सात वर्षांनी आता पोलिसांच्या दारात कशाला जायचं. आमच्या यांचं म्हणणं होतं की गाडीत घालून सरळ दुकानात जमा करावी, निवडणुकीच्या वेळी कधी ठाण्यात, कधी दुकानात जमा करायचोच की. मला यातलं काहीच पटेना. दुकानात फोन लावला, तर मालक काका म्हणाले, "फोनवर बोलणार नाही. वस्तू आहे तिथेच राहू द्या. तुम्ही फक्त कागद घेऊन या."

म्हणून अण्णा गोणीशेजारी खाट टाकून बसले, पोरांना चाळीकडे फिरकू दिलं नाही, आणि मी परवान्याचं जुनं पुस्तक, फिर्यादीची प्रत घेऊन नाशिक गाठलं.

काकांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले आणि स्पष्ट सांगितलं, "ही बंदूक मी आज ठेवून घेणार नाही." ती कागदोपत्री चोरीचा माल आहे. पोलिसांनी पंचनामा करून जप्त केल्याशिवाय तिला त्यांनी हात लावायचा नाही आणि आम्हीही नाही. परवाना संपलेला असताना ती घरात ठेवणं किंवा गाडीतून नेणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. "वस्तू तुमची असली तरी परवाना तुमच्याकडे नाही," हे त्यांचं वाक्य मी घरी येऊन भाऊजींना तसंच्या तसं ऐकवलं.

मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं, तेही मी वहीत उतरवत असल्यामुळे अगदी सावकाश. गोणी आणखी सोडू नका, पुसू नका, बोटांचे ठसे असू शकतात. नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून उघडून, आत बघू नका, काडतूस असू शकतं, आणि इतकी वर्षं ओलीत पडलेल्या काडतुसाचा भरवसा नाही. नंबर पोलिसांनाच वाचू द्या. ज्या ठाण्यात फिर्याद आहे तिथेच गुन्हा रजिस्टर नंबर सांगून कळवा आणि सोबत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विम्याचे पैसे घेतले असतील तर कंपनीलाही कळवा. (आमचा विमा नव्हता.) पुढचं सगळं याच बोलण्यामुळे सरळ झालं.

कारण ठाण्यात फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "तुम्हीच घेऊन या ना इकडे." कोणतं ठाणं ते लिहीत नाही. काकांनी हे आधीच बजावलं होतं की असं म्हणाले तर नाही म्हणा आणि ११२ ला फोन करा. मी केला. चार वाजता गाडी आली, दोन पंच घेऊन पंचनामा झाला. साहेबांनी हातमोजे घालून नळी मोडली आणि डाव्या नळीत खरंच काडतूस निघालं. पितळी बूड हिरवट पडलेलं, कड फुगलेली. दुपारी ती गोणी खांद्यावर टाकून गाडीत ठेवली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही येतो.

खरी अडचण नंतर निघाली. बंदुकीवरचा नंबर आणि फिर्यादीतला नंबर जुळेना. एकच आकडा वेगळा. २०१८ साली भाऊजींनी हाताने लिहिलेल्या अर्जातला १ टाइप करताना ९ झाला होता. आपल्या हाताच्या १ आणि ९ मध्ये शेपटीचाच काय तो फरक, आणि त्या रात्री वाचून बघायचं कुणाला सुचलं? परवान्याच्या पुस्तकातलं ते पान पाण्याने फुगलेलं, शाई पसरलेली. म्हणजे कागदाने पाहिलं तर आमच्या चाळीत एक भलतीच, कुणाचीतरी बंदूक सापडली होती. ठाण्यात आमच्याकडे बघण्याची नजरच बदलली. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी पुन्हा दुकानात. काका आतल्या खोलीत गेले आणि वीस मिनिटांनी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर घेऊन आले, १९९४ चं. बोट फिरवत फिरवत ओळ सापडली: अण्णांचं नाव, गाव, परवाना क्रमांक, बंदुकीची कंपनी, नंबर. निळ्या शाईत, स्वच्छ १. लेटरहेडवर तसं पत्र लिहून, शिक्का मारून दिलं, रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडली. किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, "झेरॉक्सचे चार रुपये." त्या पत्रावर पुरवणी जबाब झाला आणि नंबर दुरुस्त झाला. तुमच्याकडे फिर्यादीची प्रत असेल तर आजच काढून एकेक आकडा ताडून बघा.

बंदूक तपासणीला प्रयोगशाळेत जाऊन आली. मग वकिलांनी निफाडच्या कोर्टात सुपूर्तनाम्याचा, म्हणजे जप्त वस्तू परत ताब्यात मिळण्याचा अर्ज केला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४५७. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षं सडवू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल त्यांनी जोडला होता. पहिल्या फोनपासून हातात आदेश पडेपर्यंत साडेचार महिने गेले. आदेश असा की परवाना होईपर्यंत बंदूक अधिकृत विक्रेत्याकडे राहील.

आणि मग त्याच दुकानाने ती घेतली. पोलिसांसमोर नंबर वाचून, रजिस्टरला नोंद करून, पावती देऊन. भाडं महिन्याला दोनशे. गंज काढून तेलपाणी केलं त्याचे वेगळे, पण आधी सांगून. परवान्याचा मार्गही त्यांनीच दाखवला: २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ आहे, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं की कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. अण्णा ७८ चे आहेत. पण त्यांचा परवाना संपलेला असल्याने काय लावायचं ते त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारायला लावलं, स्वतःच्या अंदाजावर आम्हाला सोडलं नाही. आमच्या यांच्या नावाने अर्ज गेला आहे. शहरात राहणाऱ्यांनी मात्र पोलीस आयुक्तालयात जायचं, आमच्यासारख्या ग्रामीण भागातल्यांनी सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हाधिकारी कार्यालयात.

उणं सांगायचं तर गल्ली अरुंद, गाडी लांब लावून चालत जावं लागतं. फोनवर काहीही सांगत नाहीत, त्यामुळे लांबच्या माणसाला हेलपाटा पडतो. पाटी उघडल्याची असली तरी दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं. काका हळू बोलतात, घाईत जाऊ नका.

मागच्या आठवड्यात अण्णांना घेऊन गेले होते. काकांनी कपाटातून बंदूक काढली, नळी मोडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि मगच त्यांच्या हातात दिली. अण्णांनी अंगठ्याने दस्त्यावरची खाच चाचपली, परत दिली आणि डिसेंबरपर्यंतचं भाडं स्वतःच्या खिशातून मोजून भरलं.