रायफलला ‘जुळणारे’ छर्रे म्हणून आमचे 45,700 रुपये लुबाडले

पालकांनो, 10 मीटर एअर रायफलच्या छर्ऱ्यांचं टेस्टिंग करून देतो म्हणणारा कुणी नेमबाजीच्या रेंजवर भेटला, तर ते टेस्टिंग तुमच्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका. मुलीच्या रायफलपायी आमचे 45,700 गेले. टेस्टिंगचे 7,500, वीस डब्यांचे 1,850 प्रमाणे 37,000 आणि वर कुरिअर-विम्याचे 1,200.

टेस्टिंग हे थोतांड नाही, हे आधी सांगते. कारण घरचेच लोक तोंडावर म्हणाले, “छर्रा तो छर्रा, त्यात तपासायचं काय?” अहो, छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असा मिळतो आणि कुठल्या बॅरलला कुठला मानवेल ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा पुढचा लॉटसुद्धा वेगळा निघतो. म्हणून रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून प्रत्येक लॉटचे ग्रुप काढतात, म्हणजे कागदावर छर्ऱ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते बघतात, आणि ज्याची सगळ्यांत जवळ पडतील तो लॉट सीझनभराचा एकदम घेऊन ठेवतात. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि गुण दशांशात. स्वप्नील कुसाळेंचं 2024 चं ऑलिंपिक पदक पाहून आमच्यासारख्या कितीतरी घरांनी कर्ज काढून रायफली घेतल्या. तिथे छर्ऱ्यावर खर्च करणं ही हौस नसते.

हा माणूस रेंजवर नेहमी दिसणारा. कोचशी ओळख, मुलांना नावानं हाक मारणारा. संध्याकाळी रायफल घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी परत दिली, सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड. चार लॉट, चार ग्रुप, प्रत्येकाखाली माप. म्हणाला, “ताई, हा तिसरा लॉट तुमच्या बॅरलला असा बसलाय की विचारू नका. वीसच डबे उरलेत, दुसरे एक पालक मागे लागलेत.” मी तिथंच उभ्या उभ्या यूपीआय केलं.

त्या तिसऱ्या ग्रुपखाली काय लिहिलं होतं माहीत आहे? ‘बाहेरून बाहेर 3.9 मि.मी.’ म्हणजे टोकाच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. छर्रा आहे साडेचार मिलिमीटरचा! पाचही छर्रे एकाच भोकातून गेले असते तरी ते भोक साडेचारच्या आसपास भरलं असतं. व्हाइसमधून पाच-सहा मिलिमीटरचा ग्रुप आला तरी लोक खूश होतात. 3.9 येणं शक्यच नाही. तो आकडा माझ्या हातात होता, मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता. आजही रात्री झोपताना तो 3.9 डोळ्यांसमोर येतो. पण मी काही नेमबाज नाही, मी तर मापं समजून घेतेय मुलीमुळे. ते कार्ड कोचनी पाहिलं, आणखी दोन पालकांनी पाहिलं, एकालाही शंका आली नाही. मग ती मलाच कशी यावी?

पोरीचा स्कोअर 620 च्या वर असायचा, हे छर्रे वापरायला लागल्यावर तो 610 च्या खाली घसरला. सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं. पोझिशन बदलली, श्वास बदलला, ती रडायची, “आई, माझाच हात हलतोय.” याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

शेवटी डबा घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यांच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकेक छर्रा ठेवला. डब्यावर वजन 0.53 ग्रॅम. काट्यावर कुठे 0.509, कुठे 0.541. काहींच्या कडा दबलेल्या. डब्याच्या बुडाशी लॉट नंबरचं स्टिकर होतं, ते नखानं उचकटलं तर खाली मूळ नंबर खरवडलेला. सरावाचा स्वस्त माल भरून दिला होता. डबा हातात आला की आधी बूड बघा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “बंदुकीचा परवाना कुठाय?” 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, 2016 च्या शस्त्र नियमांत तसं आहे. हे मी त्यांना सांगायचं! मग म्हणे, “माल तर मिळालाय ना, हा दिवाणी वाद.” खरवडलेला नंबर दिसत असताना दिवाणी? पूर्वीचं 420, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. नेमबाजी संघटनेकडे गेले तर “हा तुमचा खासगी व्यवहार.” रेंज तुमची, माणूस तुमच्या रेंजवर गिऱ्हाइकं धरतो, आणि व्यवहार खासगी? कोचनी तर त्याचं नाव काढलं की विषयच बदलायला सुरुवात केली.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. पक्कं बिल मागा, जीएसटी नंबरसकट. टेस्टचे मूळ कागद मागा, लॅमिनेट केलेली प्रत नको. व्हर्नियर कॅलिपर स्वतःचा घ्या आणि भोकं स्वतः मोजा. रायफल कुणाच्या घरी एक रात्रही ठेवू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. तुमच्याकडे असंच चार ग्रुपचं लॅमिनेट केलेलं कार्ड असेल, तर त्यातल्या भोकांची ठेवण आमच्या कार्डाशी ताडून पाहायची आहे. एकाच छापाची दोन कार्डं निघाली तर दिवाणी वाद म्हणायची सोय कुणालाच राहणार नाही.