मिठाच्या पाण्याचा स्विमिंग पूल आणि माझे ३,३३,००० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो: ३,३३,००० रुपये. नातेवाइकांना मी "थोडंफार नुकसान झालं" एवढंच सांगितलंय. खरा आकडा बायकोला आणि मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

नाशिकला मखमलाबादच्या पुढे आमचं घर आहे. मागच्या अंगणात ३२ हजार लिटरचा लहान पूल बांधला. धाकटीला पोहायचं वेड, पण बाहेरच्या तलावावरून आली की डोळे लालभडक आणि अंगाला खाज. त्यामुळे घरच्या पुलात क्लोरीन नको, हे मी पक्कं ठरवून टाकलं होतं. बांधकामाच्या ओळखीतून एक माणूस आला, आणि पहिल्याच भेटीत मी हे त्याच्यासमोर बोलून बसलो. त्याला तेवढंच पुरलं. साध्या क्लोरीनची व्यवस्था ३८,००० रुपयांत होत होती. याने २,८५,००० चं मिठाचं यंत्र सांगितलं. "दादा, यात क्लोरीनचा थेंब नाही. लेकरासाठी करताय ना?" पुढचं तुम्हाला माहीतच आहे: आज रात्रीपर्यंतच हा भाव, आगाऊ पैसे, आणि खातं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर.

१,७१,००० आगाऊ दिले, यंत्र बसल्यावर १,१४,०००. "खास परदेशी मीठ" म्हणून २५ किलोच्या पाच गोण्या, २,४०० रुपयांना एक, म्हणजे १२,०००. वर्षभराच्या देखभालीचे ३६,००० तेही आधीच.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही. यंत्र चालू केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर काचेच्या नळीत पुलाचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं. त्या थेंबांच्या बाटलीवर क्लोरीन असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं. विचारलंसुद्धा, "क्लोरीन नाही ना यात? मग हे काय?" तो म्हणाला, "मिठातही तसाच रंग येतो, दादा." आणि मी मान डोलावली! पुरावा नळीत होता, नाव बाटलीवर होतं, प्रश्न माझ्या तोंडून निघाला होता. तिथेच यंत्र उचलून न्यायला सांगायला हवं होतं. पण दुसरा हप्ता आदल्याच दिवशी गेला होता, आणि चूक कबूल करायची लाज वाटली.

मी अडाणी नाही. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, लोखंडाचा भाव मी रुपयाच्या हिशोबाने पाडून घेतो. पण पाण्याचं रसायन आपला विषय नसतो, आणि मुलीच्या डोळ्यांपुढे माणूस हिशोब करत नाही.

खरी गोष्ट मला वर्षभराने कळली. मिठाचं यंत्र खरं असलं, तरी ते क्लोरीनच बनवतं. खारट पाण्यातून वीज सोडली की मिठातलं क्लोरीन मोकळं होतं. लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ पुरतं, समुद्रात त्याच्या दहापट असतं. मीठ म्हणजे साधं मीठच, परदेशी वगैरे काही नाही. आणि डोळे जळतात, उग्र वास येतो, तो घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या पदार्थांचा. म्हणजे पाणी नीट राखलं असतं तर ३८,००० मध्येही मुलगी मजेत पोहली असती.

आमचं यंत्र तर खरंही नव्हतं. एप्रिलमध्ये पाणी हिरवं पडलं. त्याचा फोन बंद. वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली: आत दिवे लावायचा अडॅप्टर, पाण्यातल्या पत्र्यांकडे वीज जातच नव्हती. पत्र्यांना लोहचुंबक लावला, टचकन चिकटला. चांगल्या यंत्रात टायटॅनियमचे पत्रे असतात, त्यांना तो चिकटत नाही. (न चिकटला म्हणून टायटॅनियमच असं समजू नका, स्टीलच्याही काही जातींना चिकटत नाही.) मग पाणी वर्षभर स्वच्छ कसं राहिलं? दर आठवड्याला येणारा पोऱ्या गाळणीच्या टोपलीत पांढऱ्या गोळ्या टाकायचा. बायकोने विचारलं, तर "मीठ विरघळायच्या गोळ्या" म्हणाला. त्या क्लोरीनच्या गोळ्या होत्या! त्यांतून सायन्युरिक ॲसिड पाण्यात साचत जातं आणि क्लोरीनचा जोर कमी होतो. तपासणीत ते लिटरला १४० मिलिग्रॅम निघालं, ३० ते ५० पुरतं. वर खाऱ्या पाण्याने कोटा फरशीच्या कडा सोलल्या आणि शिडी गंजली, त्याचे आणखी २१,५००.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्ज तीन प्रतींत आणा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज न वाचता विचारलं, "घरात पूल? मग तीन लाखांचं काय एवढं?" समोर बसलेले चार जण हसले. मी कर भरतो, कामगारांचे पगार वेळेवर देतो, आणि तिथे मीच चोरासारखा उभा होतो. चौथ्या दिवशी उत्तर मिळालं: दिवाणी बाब आहे, शिवाय खातं परगावचं, तिकडे जा. तिकडे फोन केला तर म्हणाले, माल नाशिकला बसवला, तिकडेच तक्रार करा. दोन ठाण्यांमध्ये माझा अर्ज चेंडूसारखा फिरला आणि तेवढ्यात त्याने नंबर बदलला. पावती मागितली, माझ्याकडे साधा कोटेशनचा कागद. "पक्कं बिल नाही, तर व्यवहार कशावरून?" बँकेतून गेलेले पैसे दाखवले तरी तेच.

म्हणून जीएसटी क्रमांकाचं बिल हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका, आणि दुसऱ्याच्या नावावर तर मुळीच नाही. "क्लोरीन-फ्री मिठाचा पूल" म्हणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. तपासणीचा संच स्वतः विकत घ्या. यंत्र चालू ठेवून पुलात परत येणाऱ्या धारेतलं पाणी तपासा, त्यात क्लोरीन पुलापेक्षा जास्त दिसलंच पाहिजे. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पत्र्यांवर थर चढतो, ते आधी विचारा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी तक्रार दाखल केली आहे.

सायन्युरिक उतरवायला पूल रिकामा करावा लागला. शेजारच्या काकांना विचारलं, पाणी तुमच्या बांधाच्या चारीत सोडू का? ते म्हणाले, "बाळा, माझी द्राक्षं आहेत तिकडे. खारं पाणी मुळाशी गेलं तर वेल जळेल." बरोबरच होतं त्यांचं. चार टँकर पाणी उपसून न्यायला ७,२०० आणि चार टँकर गोडं पाणी भरायला ६,००० लागले.