माइल्ड बिअर: भुसावळच्या उन्हात कोणती टिकते?

खान्देशातल्या बिअर शॉपीत स्ट्राँग न मागता माइल्ड मागितली की समोरचा एकदा खात्री करून घेतो, 'माइल्डच ना?' फरक साध्या हिशेबाचा आहे. ६५० मिलीच्या बाटलीत माइल्डच्या ५ टक्क्यांनी ३२.५ मिली अल्कोहोल बसतं, स्ट्राँगच्या ८ टक्क्यांनी ५२. दोन माइल्ड रिचवल्या तर एका स्ट्राँगच्या पुढेच जाता, तेव्हा 'माइल्डच तर आहे' हा हिशेब दुसऱ्या बाटलीला चुकतो.

चवीचं गणित मात्र उलटं. स्ट्राँगमध्ये अल्कोहोलची जळजळ आणि गोडी बरेच दोष झाकून टाकतात. माइल्डला लपायला जागाच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या गोदामात राहिलेली पेटी कितीही चिल्ड करून दिली तरी पहिल्याच घोटाला ओल्या पुठ्ठ्याची चव देते. उष्णतेने बिअरमधल्या ऑक्सिजनचं काम भराभर होतं, आणि थंड केल्याने ते परत फिरत नाही. म्हणून ब्रँडच्या आधी लेबलवरची भरल्याची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या. दुकान निवडताना फ्रीज किती मोठा ते बघू नका, पेट्या कुठे ठेवल्यात ते बघा.

दुसरा शत्रू ऊन. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं; त्यांच्यातल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकाचा उग्र वास सुटतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पांढरी जवळजवळ नाहीच. त्यामुळे हायनेकन आणि टुबोर्ग ग्रीन काउंटरच्या काचेत मांडलेल्या घेऊ नयेत, मागच्या बंद पेटीतली मागावी. कोरोनाची बाटली तर पारदर्शकच. तिच्यात लिंबाची फोड घालायची पद्धत आहे, ती पुष्कळदा हाच वास दाबून टाकते. शक्य असेल तिथे कॅन घ्या, प्रश्नच मिटला.

आता चव. किंगफिशर प्रीमियम धान्याकडे झुकणारी, किंचित गोडसर, कडवटपणा कमी. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याच्या तर्रीबरोबर हीच सगळ्यात जमते, कारण तिखटावर कडू बिअर पडली की जाळ वाढतो, गोडसर असली की निवतो. बडवायझरमध्ये तांदूळ असतो. त्यामुळे ती पातळ, स्वच्छ आणि पटकन संपणारी. केळीच्या वेफर्सबरोबर ठीक, भरताबरोबर मात्र हरवते. हायनेकन या तिघांत सर्वांत कडवट. ताजी असेल तर चव नेटकी उतरते, पण हिरव्या मिरचीच्या भरताबरोबर घेतली तर जीभ पेटते.

भरतासाठी आमची पसंती होगार्डन. गव्हाची बेल्जियन बिअर, ४.९ टक्के, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. भाजलेल्या वांग्याचा धूर, पातीचा कांदा आणि शेंगदाणे यांना तिचा धण्याचा वास सहज धरून राहतो. ही गढूळ असते, ती खराब नव्हे. बाटलीतली दोनतृतीयांश ओतायची, उरलेली गोल फिरवून तळाचा गाळ सुटा करायचा आणि मग ओतायची. नाहीतर पैसे तळाशीच राहतात. महाग आहे, आणि दुसऱ्या बाटलीला गोडी खुपायला लागते, हेही खरं.

०.० वाल्या, म्हणजे बिनअल्कोहोलच्या हायनेकन, बडवायझर वेगळ्या रांगेत बसवाव्या. अल्कोहोल काढलं की मधलं अंग जातं आणि कच्च्या माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा) गोडसर वास पुढे येतो. त्या नेहमीच्या बिअरसारख्या तोलू नका, ३ ते ४ अंशांवर थंडगार प्या, कोमट झाल्या की चालत नाहीत. गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्यायला याच बऱ्या.

थंड करायची घाई असेल तर फ्रीझर नको. बिअर उणे अडीच अंशांच्या आसपास गोठायला लागते, विसरलात की बाटली फुटते. बादलीत बर्फ, बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी खडा मीठ घाला. पिंट, म्हणजे छोटी बाटली, २० मिनिटांत तयार. नुसता बर्फ घातला तर त्याच्या मधल्या हवेमुळे वेळ दुप्पट लागतो. ग्लासात बर्फ टाकणाऱ्याला माइल्ड देऊच नये, उरतं ते पिवळं पाणी.

आणि फेस बसत असेल तर लगेच बिअरला दोष देऊ नका. ग्लासाच्या काठाला शेवभाजीच्या तेलाचं बोट लागलेलं असतं.