‘डबल प्रोटीन’च्या नावाखाली कच्च्या सोयाबीनचा भरडा आमच्या गळ्यात मारला

घरामागे गावरान, वनराज, गिरिराज अशा कोंबड्यांची पिल्लं सांभाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. स्वस्तातलं ‘डबल प्रोटीन’ खाद्य घेऊन कुणी दारात आलं, तर गोणी उतरवून घ्यायच्या आधी वाचावं. आमच्या लातूर जिल्ह्यात बचत गटाच्या बायकांना या नावाखाली सरळसरळ लुबाडलंय, आणि त्यात माझेही पैसे आणि माझी पिल्लं गेली आहेत.

पिकअप घेऊन आलेला माणूस बोलायला गोड होता. “ताई, कंपनीच्या स्टार्टरमध्ये (म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यात) २० टक्के प्रोटीन असतं, यात जवळजवळ दुप्पट आहे. मक्याच्या भरड्यात मिसळा, बाकी काही लागत नाही.” लॅबचा रिपोर्टही दाखवला, त्यावर ३८ टक्के. सोयाबीन कच्चं आहे का, असं आमच्यातल्या एकीनं विचारलंसुद्धा. त्याचं उत्तर तयार होतं: “मोड आलेली मटकी आपण कच्ची खातोच ना? आणि सगळे पोल्ट्रीवाले सोयाबीनच तर घालतात!”

पिल्लं खाद्य आवडीनं खात होती, पण अंगी लागत नव्हतं. एकाच वेळी उबवलेली पिल्लं, पण काही चिमणीएवढीच राहिली. पंखांना पिसं धड फुटेनात. शीट पातळ, चिकट, बुडाला लागून वाळलेली, आणि त्यात भरड्याचे पिवळे कण जसेच्या तसे. लासोटा (राणीखेत रोगाची लस) वेळेवर दिला होता, जंताचं औषध झालं होतं, तरी मर थांबेना. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “पाणी बदला, हवेचा दोष आहे.”

शेवटी मेलेलं पिल्लू पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांनी माझ्यासमोर ते उघडलं. कोंबडीच्या पोटात आतड्याचा पहिला वेढा इंग्रजी यू अक्षरासारखा असतो आणि त्याच्या मधोमध फिकट गुलाबी पट्टीसारखं स्वादुपिंड असतं. ते या पिल्लात चांगलंच सुजल्यासारखं जाड झालं होतं. ते पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सोयाबीन कच्चं घालताय का?”

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. पोटात प्रोटीन पचवणारा जो रस सुटतो, त्याला ते बांधून ठेवतात. मग स्वादुपिंड आणखी रस सोडायला धडपडतं आणि वाढत जातं, आणि प्रोटीन मात्र न पचता बाहेर पडतं. मोठी कोंबडी थोडंफार सोसते, तिची अंडी घटतात. पिल्लाची वाढच खुंटते. नीट उष्णता दिली की हा दोष जातो. सोयाबीन कच्चं खाऊन उंदीर वाढत नाहीत, शिजवलं की वाढतात, हे अमेरिकेत १९१७ सालीच प्रयोगानं दिसलं होतं. पोल्ट्रीवाले जी पेंड घालतात, ती तेल काढताना कारखान्यात वाफेवर भाजून निघालेली असते. मटकीत, मुगात हे घटक सोयाबीनच्या मानानं फारच कमी. म्हणजे तो माणूस बोलला ते शब्दशः खरं होतं, आणि नेमकी तिथेच लबाडी होती.

रिपोर्टचंही तेच. लॅबवाले खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ नं गुणून प्रोटीन काढतात. ते पिल्लाला पचेल का, हे त्या आकड्यातून कळत नाही. कच्चं असो वा भाजलेलं, आकडा भरघोसच येणार. (खाद्यात युरिया मिसळला तरी आकडा फुगतो, हेही ध्यानात ठेवा.) पावसात भिजलेलं डागी सोयाबीन मोंढ्यात मातीमोल जातं; ते दळायचं, भाजण्याचा खर्च वाचवायचा आणि प्रोटीनच्या भावानं विकायचं. शिवाय भिजलेल्या मालात बुरशीचं विष असण्याची भीती वेगळीच.

घरी तपासायची एक सोपी रीत आहे. बाटलीत दोन चमचे खाद्य, चिमूटभर युरिया आणि थोडं कोमट पाणी घालून झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासानं उघडा. गोठ्यातल्या मुतासारखा नाकात झोंबणारा वास आला, तर सोयाबीन कच्चं आहे. शेजारी दुसऱ्या बाटलीत खात्रीच्या पेंडीचा असाच नमुना ठेवला की फरक लगेच कळतो. आमच्या गोणीतल्या खाद्यानं तर डोळ्यांत पाणी आणलं.

घरचं सोयाबीन घालायचं असेल तर रात्रभर भिजवून अर्धा तास चांगलं उकळा, मग वाळवून भरडा. नुसतं भिजवून किंवा मोड आणून भागत नाही. राजमा तर कच्चा अजिबात नको, नीट उकळल्याशिवाय एक दाणाही पिल्लांपुढे टाकू नका.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. गोणीवर ना कंपनीचं नाव, ना पत्ता, ना तारीख. पावती मागितली तर “पुढच्या खेपेला देतो” म्हणाला होता. आम्ही उरलेलं खाद्य सीलबंद ठेवलंय, गोणीचे आणि गाडीच्या नंबरचे फोटो, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि डॉक्टरसाहेबांचा लेखी अहवाल जोडून तक्रार केली आहे. तुमच्याकडेही असं झालं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. उरलेली गोणी मात्र रागानं उकिरड्यावर फेकू नका, पुरावा तोच आहे.