इंजिन चालू असेपर्यंतच गार राहणारा फ्रिज

मुक्कामाच्या प्रवासासाठी गाडीच्या मागे फ्रिज आणि तो चालवायला वेगळी बॅटरी बसवून घेतली होती. बिलावर चार ओळी होत्या: 100 एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) लिथियम बॅटरी, चालत्या गाडीत ती भरणारा 25 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, 16 चौरस मिलिमीटरची कॉपर वायर आणि 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. गाडी ताब्यात देताना फिटरने इंजिन सुरूच ठेवलं होतं. फ्रिजवर 4 अंश दिसत होते, बॅटरीला मल्टिमीटर लावून 13.3 व्होल्ट दाखवले गेले आणि किल्ली हातात आली. मुक्कामाच्या पहिल्याच रात्री, पहाटेच्या आत फ्रिज बंद. नंतर सगळं उघडल्यावर चारपैकी एक फ्रिजच खरा निघाला.

अशी लबाडी खपते, कारण इंजिन चालू असताना फ्रिजला लागणारी वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारं जनित्र, देत असतं. मागची बॅटरी निम्मी असो की रिकामा डबा, फरक दिसत नाही. शिवाय ते 13.3 व्होल्ट! या लिथियम बॅटऱ्यांत असणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज साधारण 90 टक्क्यांपासून 40 टक्क्यांपर्यंत जेमतेम हलतो. त्या आकड्यावरून बॅटरी किती भरली आहे ते नीट कळत नाही, मग ती मुळात किती मोठी आहे हे कुठून कळणार? फिटरला हे ठाऊक असतं.

आधी हिशेब पाहा. या मापाचा कॉम्प्रेसर फ्रिज चालताना सुमारे 4 अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचा 40 टक्के वेळ चालतो असं धरलं, तर 24 तासांत 38 एएच जातात. खरी 100 एएच लिथियम इंजिन न लावता दोन दिवस सहज काढते. एका रात्रीत मान टाकणारी बॅटरी एकतर लहान आहे किंवा कधी पुरती भरलेलीच नाही. या गाडीत दोन्ही होतं.

बॅटरी आधी वजनकाट्यावर ठेवा. 100 एएचचा एक चौकोनी सेल साधारण 2 किलोचा. चार सेल, बीएमएस (सेलना सांभाळणारं सर्किट) आणि खोकं मिळून 10 ते 12 किलो भरायला हवेत. 6-7 किलो भरली तर पुढे बोलायची गरजच नाही. वजन बरोबर आलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. आत भर घालता येते आणि वापरून झालेले सेल नवं आवरण चढवूनही विकले जातात. खरी परीक्षा वेळेची. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि 55 वॅटचा हेडलाइट बल्ब एएच मोजणाऱ्या वॅटमीटरमधून जोडा. बल्ब सुमारे 5 अँपिअर घेतो, म्हणजे 20 तासांच्या आसपास जळला पाहिजे. आठ तासांत विझला तर बॅटरी 40 एएचची, स्टिकरवर काहीही छापलेलं असो. बल्ब भयंकर तापतो, तो पत्र्यावर ठेवा, सीटवर नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा मीटर दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा.

डीसी-डीसी चार्जरच्या जागी निघाला साधा व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. असे रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतात आणि 12.8 च्या आसपास तोडतात. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत संगणक चालत्या गाडीतही व्होल्टेज त्याखाली आणतो. रिले सुटतो आणि तासन् तास गाडी चालवूनही मागची बॅटरी उपाशीच राहते. ओळखायचं कसं? इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर एकेक मल्टिमीटर लावा आणि हेडलाइट, एसी चालू-बंद करा. दोन्ही आकडे जोडीने वर-खाली होत असतील तर मध्ये रिले आहे. चार्जर असेल तर पुढच्या बॅटरीवर काहीही होवो, मागचा आकडा आपल्या गतीने 14.2-14.6 कडे चढत राहतो.

वायरची फसवणूक सगळ्यात गोड. जाडजूड इन्सुलेशन, वर 16 छापलेलं, आत जेमतेम 6 चौरस मिलिमीटरच्या तारा, आणि त्याही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली की झालं. बोनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर. यातून 25 अँपिअर जाताना खऱ्या 16 च्या तांब्यात पाव व्होल्ट पडतो, या नकली वायरमध्ये एक व्होल्टहून जास्त. अशी वायर फ्रिजच्या प्लगपर्यंत गेली असेल तर कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याला फ्रिज लो-व्होल्टेज समजून बंद पडतो आणि बोल बॅटरीला लागतो. त्यामुळे व्होल्टेज मोजायचा तो फ्रिजच्या प्लगवर, कॉम्प्रेसर चालू असताना आणि इंजिन बंद करून.

फ्यूजचा प्रकार तर जिवावरचा. या गाडीत एकच फ्यूज होता, 100 अँपिअरचा, तोही फक्त पुढे. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरच्या कुवतीवरून ठरतो. इतक्या बारीक वायरवर 100 चा फ्यूज उडण्याआधी वायरच पेटेल. आणि दोन्ही टोकांना बॅटरी असल्याने फ्यूजही दोन हवेत, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. मधे कुठे पत्र्याला वायर घासून शॉर्ट झाली तर मागची बॅटरी आपल्या बाजूने आग लावायला मोकळी असते.

फ्रिज इथे खरा होता, पण तिथेही गंडवतात: कॉम्प्रेसरच्या नावाखाली पेल्टियरचा डबा, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेच्या चकतीने गार करणारा. तो बाहेरच्यापेक्षा फार तर 20 अंश खाली जातो आणि बहुतेक न थांबता 4-5 अँपिअर ओढतो. बर्फ करून दाखवा म्हणायचं. घडीच्या सोलर पॅनेलचंही तसंच: भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट पडतात आणि चांगले सेल त्यातले 20-22 टक्केच घेतात. अर्ध्या चौरस मीटरवर 400 वॅट लिहिलेले असतील तर ते निव्वळ छापील वॅट.

काम सुरू होण्याआधी बिलात वायरचं माप आणि "शुद्ध तांबं", फ्यूजचे आकडे व जागा, चार्जरचं मॉडेल, बॅटरीचा सिरियल नंबर आणि बीएमएसचे अँपिअर लिहून घ्या. आतली ट्रिम (वायर झाकणारी आवरणं) बसवण्यापूर्वीचे फोटो मागा. उरलेल्या वायरचा तुकडाही मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ट्रिम उघडूनच बघा. आणि शंका आली तरी बॅटरीचं सील स्वतः फोडू नका. "तुम्हीच उघडली" हे उत्तर तिथे तयारच असतं.